कळशीला झालेली कावीळ

"उतरली रे उतरली! गेल्या रविवारी डोक्यावर होती, आज गुडघ्यावर आली!" रांगेतून कोणीतरी ओरडलं.

रविवारी सकाळी कांजूरमार्गच्या आमच्या नाल्याकाठच्या वस्तीत पाण्याच्या टाकीखाली दीडदोनशे माणसं रांगेत उभी होती. नळावर एका हंड्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायका इथे मात्र शाळेतल्या मुलींसारख्या शहाण्या झाल्या होत्या. प्रत्येकाचे डोळे हळदीसारखे पिवळे. रांगेच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर श्यामसुंदर काका. पांढरा टीशर्ट, मनगटावर मोठं घड्याळ, मांडीवर हिरव्या काड्यांच्या छोट्या छोट्या माळांचा ढीग. समोर माणूस आला की एक माळ त्याच्या डोक्यावर टोपीच्या काठासारखी घट्ट बसवायची आणि पुढच्याला हाक मारायची.

ही माळ वाढायची, हाच चमत्कार. रविवारी डोक्यावर घट्ट बसलेली माळ सोमवारी आपोआप गळ्यात यायची, दोन दिवसांनी छातीवर, मग पोटावर. गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरून मातीत गेली. डोळ्यांदेखत वाढणारी माळ लोक पाहत होते आणि फोटो काढून मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या नातेवाइकांना धाडत होते.

"मी बुवा नाय, बाबा नाय," काका ओरडून सांगत होते. "माझ्या पाया कोणी पडायचं नाय. हे सायन्स आहे, सायन्स! लिव्हर म्हणजे काय? मोबाइलची बॅटरी. बॅटरी फुगली की तुम्ही काय करता? आतला माल बाहेर काढायला पाहिजे ना? ही माळ आतलं पिवळं खेचते. जेवढं खेचते तेवढी लांबते. डोळ्यांनी बघा, मग बोला. पैसा घेतो का मी? नाय ना? मग!"

बॅटरीचं ज्ञान त्यांना होतंच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते स्टेशनाबाहेर मोबाइलची कव्हरं विकत होते.

"नियम तीन. माळ अंगावर असेपर्यंत गोळी नाय, सुई नाय आणि वाहतं पाणी ओलांडायचं नाय. नियम मोडला तर जबाबदारी तुमची. मग माझ्याकडे यायचं नाय."

त्या गर्दीच्या कडेला मी उभी होते. माझ्या पिशवीत क्लोरिनच्या गोळ्या होत्या, पाणी उकळून प्या असं सांगणारी पत्रकं होती, आणि माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं. मी जानकी, इथल्या आरोग्य केंद्रातली नर्स. एकतीस वर्षं मी याच गल्ल्यांत दारं वाजवते आहे. पोलिओच्या थेंबांसाठी वाजवली, टीबीची गोळी माझ्यासमोर गिळा म्हणून वाजवली, कोविडमध्ये तोंडावर दार आपटून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरात ऑक्सिजन मोजायला गेले. लोक मला मान देतात. चहा विचारतात. फक्त माझं ऐकत नाहीत.

कावीळ कुठून आली हे मला पक्कं ठाऊक होतं. वस्तीतल्या निम्म्या नळांचे पाइप लोकांनी आपणच टाकलेले, प्लास्टिकचे, थेट गटारातून गेलेले. एका ठिकाणी पाइपाला चीर पडली होती आणि नळ बंद असताना गटार पाइपात शिरत होतं. दोन आठवडे मी दारोदार एकच वाक्य घोकत होते, "कावीळ पाण्यात आहे. पाणी उकळा." हे वाक्य पुढे माझ्याच गळ्याशी येणार होतं.

रांगेत पुढे एक पोट दिसलं आणि मी पुढे सरकले. ती जान्हवी होती. तेवीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला. तिचं नाव मीच लिहून घेतलं होतं, टीटीची इंजेक्शनं मीच दिली होती. काकांनी तिच्या डोक्यावर माळ बसवली आणि ती माझ्याकडे बघून ओशाळं हसली. त्या हसण्यात तिचे डोळे पूर्ण पिवळे दिसले.

दूषित पाण्याची ही कावीळ इतरांची बहुधा आपोआप बरी होते. पोटुशी बाईची गोष्ट वेगळी. शेवटच्या महिन्यांत ती बाईला तीनचार दिवसांत नेऊ शकते.

मी तिच्या सासूला, सोनूबाईंना, बाजूला घेतलं. सोनूबाई आमच्याच मालवणकडच्या. "काकी, हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्यायचंय. मी येते सोबत. रिक्षाने दहा मिनिटं."

"व्हाळ वलांडूचो लागतलो," सोनूबाई म्हणाल्या. हॉस्पिटल नाल्याच्या पलीकडे होतं. "काकांनी सांगल्यानी हा, पाणी वलांडूचा नाय. माळ गुडघ्यार येऊ दे. मगे बघूया."

"तोवर उशीर होईल हो, काकी."

"तू मेल्यासारखा तोंड करून बोला नको गो. पोटुशी आसा ती."

सोमवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. सोबत माझी आरोग्यसेविका शीतल होती, माझ्या निम्म्या वयाची आणि माझ्यापेक्षा दुप्पट फटकळ. जान्हवीच्या डोक्यावरची माळ रात्रीतून गळ्यात आली होती आणि सगळं घर खूश होतं. जान्हवी मात्र भिंतीला टेकून बसली होती, सकाळपासून दोनदा उलटी झालेली. तिचा नवरा नितेश गोदामात पार्सलं लावायच्या कामावर जातो, तो रजा टाकून घरी थांबला होता. मुलगा समंजस. त्याने मला सरळ विचारलं.

"सिस्टर, हॉस्पिटलात नेलं तर औषध काय देतील?"

आता इथे खोटं बोलायला हवं होतं का? मी आजही स्वतःला विचारते. त्या वेळी मी खरं बोलले.

"या काविळीवर असं थेट औषध नाही, नितेश. पण ते रक्त तपासतात. रक्त गोठणं कमी झालं तर ते भरून काढतात, बाळावर लक्ष ठेवतात. बिघडलंच तर तिथे हाताशी सगळं असतं."

"म्हणजे औषध नाहीच."

"नाही. पण..."

"इथे माळ रोज उतरताना दिसतेय, सिस्टर. तुम्ही म्हणता औषध नाही. मग मी काय समजायचं, सांगा ना?"

श्यामसुंदर काकांना सगळं माहीत होतं आणि मला एवढंच माहीत होतं की खात्री देता येत नाही. खात्री देणाऱ्याच्याच मागे माणूस जातो. जान्हवी हळूच म्हणाली, "मी येईन, सिस्टर. पण दोन दिवस बघू. माळ उतरतेय ना?"

बाहेर आल्यावर शीतल भडकली. "काय यार, सिस्टर! तो माळवाला गंडवतोय हे तुम्हाला माहीत आहे ना? मग ती वाढते कशी, ते तरी सांगा त्यांना!"

मला माहीत होतंच. ही गोष्ट मी एकतीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. माझे वडील, धाकू मेस्त्री, गावात काविळीची माळ बांधायचे. खुर्ची नाही, भाषण नाही, आणि कुणाकडून नारळसुद्धा नाही. त्यांचा खरोखर विश्वास होता. घेटुळी या रानभाजीच्या ओल्या देठांचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करायचे आणि दोऱ्याच्या दुहेरी वेढ्यात एकेक तुकडा करकचून आवळायचा. लहानपणी त्यांच्याशेजारी बसून मी शेकडो गाठी मारल्यात. देठ ओलं असतं तेव्हा फुगलेलं असतं. वाळलं की आक्रसून बारीक होतं, वेढा सैल पडतो, आणि प्रत्येक गाठीतला अडकलेला दोरा थोडा थोडा सुटतो. पन्नास गाठींतून सुटला की वीतभर माळेची हातभर होते. डोक्यावर घाला, खुंटीवर घाला, दगडाला घाला, ती वाढणारच.

आणि माणसं बरी का होत? कारण दहातली नऊ तशीही बरी होतात. माळ सुकायला जितके दिवस लागतात, जवळजवळ तितक्याच दिवसांत काविळीचा जोर ओसरतो. बाबांच्या माळेने बरे झालेले लोक गावभर सांगत फिरत. जे गेले, त्यांची वेळ आली होती.

"मग दाखवूया ना!" शीतल म्हणाली. मिठागराच्या बांधावर घेटुळी वाटेल तेवढी उगवते. तासाभरात ती पदरात भरून घेऊन आली. सोनूबाईंच्या ओट्यावर बसून मी त्यांच्यासमोरच माळ बांधायला घेतली. चाळीस वर्षांनी बोटं अजिबात अडखळली नाहीत. सोनूबाई निरखून बघत होत्या.

"ही गाठ तुका खयसून इली गो?"

"बाबांकडून. धाकू मेस्त्री."

सोनूबाई ताडकन उभ्या राहिल्या. "धाकू मेस्त्र्याचा चेडू तू? अगो, माझ्या भावाक तेनीच तर बरो केल्यानी! आधी सांगाचा नाय?" आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्याकडे अशा आदराने पाहिलं. नर्स म्हणून नव्हे हं.

"काकी, आता बघा. मी ही माळ तुमच्या कळशीच्या गळ्यात घालते. घट्ट बसली ना? कळशीला काही कावीळ झालेली नाही. पण देठ सुकेल, गाठीतला दोरा सुटेल आणि परवा ही माळ ढिली होऊन खाली पडेल. तशी पडली, तर माळेचा आणि काविळीचा संबंध नाही, हे मान्य करायचं आणि जान्हवीला न्यायचं. कबूल?"

"कबूल," सोनूबाई म्हणाल्या. नितेशही म्हणाला. मी विजयी चेहऱ्याने घरी गेले. एवढी वर्षं लोकांत घालवूनही मला लोक कळले नव्हते.

मंगळवारी मी पुन्हा जाऊन हॉस्पिटलचा विषय काढला. सोनूबाई म्हणाल्या, "उद्या ना? तूच ठरवलंस." माझ्याच मुदतीने मला बांधून टाकलं होतं. जान्हवी झोपलेली होती. उठवलं तेव्हा "बरं आहे" म्हणाली आणि पुन्हा झोपली.

बुधवारी दुपारी पोचले तर सोनूबाईंच्या दारात ही गर्दी! माळ कळशीच्या फुगीर पोटावरून सरकून खाली जमिनीवर पडली होती, अगदी मी सांगितलं होतं तशी. मला आनंद झाला. तो एक मिनिटसुद्धा टिकला नाही.

"इली बघा ती!" सोनूबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "अगो, पाण्यातली सगळी कावीळ उतारली! तूच सांगत होतंस ना दोन आठवडे, कावीळ पाण्यात आसा म्हणून? कळशीत पाणीच तर होता! माळेन खेचून घेतल्यान!"

लोक माना डोलावत होते. सरळ तर होतं सगळं! कावीळ पाण्यात, पाणी कळशीत, माळ कळशीला, माळ उतरली. एक बाई मला विचारत होती की नळालाच बांधली तर रोज पाणी उकळायचं लचांड सुटेल का. शेजारच्या घरात तर ड्रमला माळ बांधून झालीसुद्धा होती आणि चुलीवरचं पातेलं उतरवलं होतं. साधी खुंटी वापरायची सोडून मी पाण्याची कळशी वापरली. माझ्या शहाणपणाने दोन दिवसांत वस्तीला आणखी एक खूळ दिलं होतं.

"सिस्टर, आत या," शीतल आतून ओरडली.

जान्हवी अंथरुणावर होती. माळ तिच्या पोटाच्या गोलाईवर येऊन टेकली होती. मी नाव विचारलं, तिने आईला हाक मारली. आई कुठेय म्हटलं तर म्हणाली, दुधाला गेलीय. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. हात पुढे करायला सांगितले तर ते लटपटले.

"काकी, रिक्षा बोलवा. आत्ता."

"पाणी वलांडूचा नाय..."

आणि तेव्हा मी खोटं बोलले. "काकी, मी धाकू मेस्त्रीची मुलगी आहे. माळ बांधणाऱ्याच्या रक्ताचं माणूस हात धरून असेल तर पाणी ओलांडलेलं चालतं. बाबांचा नियम आहे."

सोनूबाई उठल्या. आठ मिनिटांत आम्ही नाल्याच्या पलीकडे होतो. चार दिवस मी काकुळतीला येऊन खरं सांगत होते, त्याने जे झालं नाही ते एका थापेने झालं. रिक्षात जान्हवीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिचा हात धरला होता, आणि सोनूबाई माझा हात सुटत नाही ना, हे बघत होत्या.

हॉस्पिटलात नर्सने कात्रीने माळ कापली आणि बांगड्यांसोबत पिशवीत घालून नितेशच्या हातात दिली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला नेलं. पोटातलं बाळ आधीच गेलेलं होतं. "दोन दिवस आधी आणलं असतं तर?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कदाचित. सांगता येत नाही, सिस्टर." गुरुवारी सकाळी जान्हवी गेली.

मला रडू आलं ते घरी नाही, आरोग्य केंद्रात आलं. लसीच्या फ्रिजचं तापमान लिहिताना. कळशीवर घालवलेले ते दोन दिवस माझे होते. तिला फरफटत न्यायचा अधिकार मला कायद्याने नाही हे खरं, पण मी प्रयोगाची मुदत घातली, वस्तीला धडा शिकवायच्या हौसेने. शीतलने मला पाणी दिलं आणि फ्रिजचं तापमान स्वतः लिहून टाकलं.

पुढच्या रविवारी टाकीखाली पुन्हा रांग होती. निम्म्यावर येईल असं मला वाटलं होतं. ती लांबली होती. श्यामसुंदर काकांनी आता नळाच्या आणि ड्रमच्या वेगळ्या माळा करून आणल्या होत्या. मी पुढे गेले तशी ते उभे राहिले.

"ही बघा, आली! माझा नियम काय होता? पाणी ओलांडायचं नाय! माळ पोटापर्यंत उतरली होती, दोन दिवसांत पोरगी उठून बसली असती. या सिस्टरनं तिला नाला ओलांडायला लावला. दोन जीव गेले. विचारा हिला!"

लोक माझ्याकडे वळले. त्यांतल्या अर्ध्यांना त्यांच्या लहानपणी मीच लस टोचलेली. सोनूबाई पुढे आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तू म्हणालंस चलता म्हणून," त्या म्हणाल्या. "बापाशीचा नाव घेतलंस. माका फसयलंस गो."

मी फसवलंच होतं. खोटं बोलून नाला ओलांडला होता, आता त्याच खोट्याच्या आधाराने माझ्यावर खुनाचा आळ येत होता. तिसऱ्या नियमाचा खरा उपयोग तेव्हा मला कळला. माणूस बरं झालं तर माळेमुळे, आणि गेलं तर कोणीतरी, कधीतरी, कुठलंतरी गटार ओलांडलेलं असणारच. मुंबईत कोण ओलांडत नाही?

"काका, जरा थांबा," मागून आवाज आला. नितेश होता. दाढी वाढलेली, हातात कापलेली माळ.

"ही तिची माळ. गुरुवारी मी घरी आणली आणि खुंटीला टांगली. टाकवेना. टांगली तेव्हा माझ्या हाताने सहा वीत होती. आज सकाळी मोजली." त्याने माळेचं एक टोक आपल्या छातीशी धरलं आणि दुसरं सोडलं. ते जमिनीवर लोळत राहिलं. मग तो वाकला आणि सगळ्यांसमोर वीत लावत गेला. "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ."

रांगेतला एक जण स्वतःच्या गळ्यातली माळ चाचपून बघू लागला.

"ती गुरुवारी गेली, काका. तिला मी माझ्या हाताने अग्नी दिलाय. कावीळ तिच्याबरोबर गेली. मग तीन दिवस खुंटीवर बसून ही माळ कुणाची कावीळ खेचतेय?"

श्यामसुंदर काका काहीतरी बोलले. वेव्ह राहतात, असं काहीतरी. नितेशने ऐकलं नाही. त्याने एक सुकलेली काडी वेढ्यातून बोटाने ढकलली, ती सळकन खाली पडली, आणि तेवढा दोरा लांब झाला. "देठ सुकतं," तो म्हणाला. "सिस्टर सोमवारीच सांगत होत्या. बस, एवढंच आहे." आणि तो खाली बसून रडायला लागला. सोनूबाई त्याच्याकडे गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आजही पाहत नाहीत.

त्या दिवशी रांगेतली साठसत्तर माणसं घरी गेली. बाकीची थांबली. "पाण्याचं माहीत नाय, पण माणसाला गुण येतो," असं एक जण माझ्या तोंडावर म्हणाला. श्यामसुंदर काका महिन्याभराने दुसऱ्या वस्तीत बसायला लागले. त्यांच्याविरुद्ध मी लिहून दिलेल्या तक्रारीचं अजून काही झालेलं नाही. फुटका पाइप आम्ही दहा बायकांनी मिळून बदलून घेतला आणि नवी कावीळ थांबली. त्याचं श्रेय नळावरच्या माळांना मिळालं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. पन्नास दारांमागे चार घरं ऐकतात, त्यांच्यासाठी दार वाजवत राहायचं, एवढंच मला या नोकरीने शिकवलं. तुम्हालाही मी तेवढंच सांगते. डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासा. पाणी उकळा. बाई पोटुशी असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. तिथे जादू नाही, खात्रीही नाही, पण तिथे कोणीतरी तिची नाडी बघत बसलेलं असतं.

आणि माझ्यावर विश्वास ठेवूच नका. माळ घालायचीच असेल तर आधी घरातल्या खुंटीला घाला आणि दोन दिवस बघा वाढते का. तेवढे दोन दिवस बाईला आमच्याकडे, हॉस्पिटलात ठेवा.